कु. यामिनी, खांदा साडेतेरा

भद्रकालीत, बोळाच्या टोकाला माझं दुकान.
बायकांची मापं प्रमिला घ्यायची पडद्याआड
आणि आकडे ओरडायची,
मी बाहेर वहीत उतरवायचो.
यामिनीबाईंना मी ओळखतो तो असा, ऐकीव आकड्यांनी.

पहिली नोंद चौऱ्याऐंशीची, गणपतीच्या आधीची.
यमुना गांगुर्डे. खांदा साडेतेरा, छाती तीस, कंबर चोवीस.
ऑर्केस्ट्रावाले दिनूभाऊ स्टुलावर बसले होते,
म्हणाले, यमुना नदीचं नाव झालं,
आपल्याला रात्र पाहिजे. यामिनी लिहा.
मी यमुना खोडलं.
मागे वळून म्हणाले, आणि आधी कु. लावा.

ओझरच्या कॉलनीसाठी निळा, टिकल्यांचा.
लासलगावला कांदेवाल्यांच्या लग्नात लाल.
इगतपुरीच्या कार्यक्रमाला निरोप आला आयोजकांचा,
बाही काढूनच टाका.
प्रमिला म्हणाली, अगं, डिसेंबर आहे.
पडद्याआड बराच वेळ टेपचीसुद्धा हालचाल नाही.
मग, "काढा. गाणं सुरू होईपर्यंत शाल घेईन."

सत्त्याऐंशीत कंबर चोवीसची एकतीस.
फलकावर तेव्हाही कु.
सातव्या महिन्यात सिन्नरला उभी राहिली,
तेव्हा पुढून दुहेरी झालर मी लावून दिली होती
आणि आत दोन इंच माया ठेवली होती.
तेवढीच ठेवता येते आम्हाला.

लोक डोळे मिटून ऐकायचे
आणि म्हणायचे, हुबेहूब.
मुंबईच्या मोठ्या बाईंचा आवाज, हुबेहूब.
वीस वर्षं हीच शाबासकी.
मी कधी टाळ्या वाजवल्या नाहीत,
माझं लक्ष काखेतल्या शिवणीकडे,
वरच्या सुराला हात उचलायची सवय होती तिला.

एकदा सिनेमा आला. गंगापूरकडे शूटिंग, दोन दिवस.
थोरल्या जावेचं काम, एकच वाक्य,
"पाणी काढलंय भावजी, आंघोळ उरकून घ्या."
खणाची चोळी मी हाताने शिवली.
पहिल्या खेळाला आम्ही दोघं गेलो.
तोंड तिचं, चोळी माझी,
आवाज भलत्याच बाईचा.
प्रमिला अंधारात एवढ्या मोठ्यानं म्हणाली,
हिचा गळा कुठं ठेवला यांनी?
पुढच्या रांगेतला माणूस वळून बघायला लागला.

मग दिनूभाऊंनी कीबोर्ड विकून डीजेची गाडी घेतली.
वहीत त्यानंतर साधे ब्लाउज, सुती,
अस्तर नको, हूक पुढे.
छाती अडतीस. कंबर मी विचारत नाही.
खांदा साडेतेराच.

आता सकाळी पावणेआठला
बोळाच्या तोंडाशी घंटागाडी थांबते
आणि भोंग्यातून सांगते,
ओला कचरा, सुका कचरा वेगळा द्या.
तो आवाज तिचा.
द्वारकेजवळच्या एका खोलीत जाऊन बोलून आली,
अकराशे रुपये, एकदाच.
कुणासारखं काढायचं ते त्यांनी सांगितलं नाही,
म्हणून स्वतःचाच काढला.
"वेगळा"तल्या "ळा"वर एक बारीक मुरकी आहे.
ती काही महापालिकेनं सांगितलेली नसणार.
प्रमिलाला हल्ली कमी ऐकू येतं,
पण चिंध्यांची पिशवी उचलत म्हणते, यामिनी आली.

परवा खरीच आली, गाडीच्या वेळेला.
मी जुनी वही काढली, पहिलं पान.
खोडलेलं नाव अजून वाचता येतं.
तिनं त्यावरून बोट फिरवलं, काहीतरी बोलणार होती,
तेवढ्यात गाडी आली.
ती थांबली. दारात जराशी सरकूनही उभी राहिली,
स्वतःचाच आवाज पुढं जाऊ द्यावा म्हणून.

मग म्हणाली,
बाही या वेळी कोपरापर्यंत ठेवा.
आणि शनिवारी द्या, जमलं तर.